परसातलं रान आणि मन्मथअप्पा

मी परसात मेथी खुडत होते. आमच्या कंपाउंडची भिंत जेमतेम कमरेइतकी, आणि भिंतीपलीकडे, माझ्यापासून हातभर अंतरावर, शेजारचे मन्मथअप्पा उभे होते. सरळ माझ्याकडंच बघत होते. तरी त्यांनी तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि मोठ्यानं आरोळी ठोकली, "रानात हाय का कुणी?"

"अप्पा, मी इथंच आहे की!" मी दचकून म्हटलं.

"हाव, दिसून राहिलीस की. पण हाक दिल्याबगर कुणाच्या रानात शिरू न्हाई, माय."

हे रान म्हणजे लातूरला आम्ही भाड्यानं घेतलेल्या घरामागची जागा. दोन बाजा टाकल्या तर तिसरीची पंचाईत. पण आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात अप्पांनी तिची वाटणी करून टाकली. मोरीचं पाणी जातं ते 'खालचं रान'. पाण्याच्या टाकीजवळचं 'विहिरीकडचं'. आणि मागच्या पायरीवर ज्या कुंड्या आहेत, तो 'माळ'. सकाळी मी डबे भरायच्या गडबडीत असताना ते भिंतीवरून विचारायचे, "माळाला पाणी न्हाई दिलं का गं काल?" मी पोळी तव्यावर टाकून माळाला तांब्याभर पाणी घालून यायची.

अप्पा एकटेच राहतात. बायको वारली, मुलगा हैदराबादला. नोकरीतून निवृत्त झालेत, पण स्वतःची ओळख करून देताना नोकरीचं नाव काढत नाहीत. "आमी शेतकरी माणूस," एवढंच. धोतर, पांढरी टोपी आणि कानात टाचणीएवढं मशीन, जे ते आपल्याला बोलायचं असेल तेव्हा काढून ठेवतात.

माझं काम घरून, लॅपटॉपवर. नवरा, सतीश, कॉलेजात शिकवतो. ओवी पहिलीत, किट्टू अडीच वर्षांचा. शिवाय मुलांनी रस्त्यावरून उचलून आणलेलं कुत्र्याचं पिल्लू. त्याचं नाव आम्ही ब्राउनी ठेवलं होतं. अप्पांनी दोन दिवस त्याचं निरीक्षण केलं आणि म्हणाले, "काम काय करत न्हाई, येणाऱ्या-जाणाऱ्यावर वरडतंय नुसतं. ह्येला सरपंच म्हना." ते पिल्लू आता दुसऱ्या कुठल्याच नावाला ओ देत नाही.

अप्पांचं एक वाक्य ठरलेलं आहे. "घाई करू न्हाई. रान हाय." हे ते वांग्याला फूल धरेना तेव्हा म्हणाले, ते समजण्यासारखं होतं. पण गॅसची टाकी वेळेवर आली नाही तेव्हाही तेच. माझी मीटिंग चालू असताना वीज गेली, तेव्हाही तेच. किट्टू बोलायला उशीर करत होता आणि मी आतल्या आत झुरत होते, तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं. मी चिडून आत निघून गेले. पुढच्याच महिन्यात किट्टूनं भिंतीपाशी उभं राहून, तोंडाभोवती हात धरून पहिला शब्द ठोकला. तो होता "लान!" मला आनंदानं रडू आलं, आणि मेल्याला आधी 'आई' म्हणता आलं नाही याचा रागही आला.

ओवीनं तर कहर केला. शाळेच्या पालक-सभेत तिच्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि लाडिकपणे म्हणाल्या, "तुमचं बरंच रान आहे म्हणे. विहीर आहे, माळ आहे. हुरड्याला बोलवा की आम्हाला!" मी हसून वेळ मारून नेली. घरी येऊन अप्पांना सांगितलं, तर ते गंभीर. "मंग बोलव की. जोंधळा पेरू."

आणि खरंच पेरला. पावसाळा सरल्यावर स्वतः गुडघ्यावर बसून, विहिरीकडच्या रानात पाच ओळी. पाखरं येतील म्हणून बुजगावणं केलं. त्याला सतीशचा एक शर्ट घातला, जो सतीशच्या मते लग्नातला होता आणि माझ्या मते फेकायचा.

पण त्याआधीचा पोळा सांगायलाच हवा. रान आहे आणि बैल नाही, हे अप्पांना झेपेना. सकाळीच ते गेरू, फुगे आणि घुंगरू घेऊन हजर. सरपंचाला शिंगं नाहीत, म्हणून कान रंगवले. पाठीवर माझ्या जुन्या ब्लाउजपीसची झूल. पुरणपोळी खाऊ घालून, ओवाळून, वाजतगाजत मारुतीच्या देवळाकडं मिरवणूक निघाली. वाटेत खरे बैल समोरून आले. सरपंच जागच्या जागी घुटमळला आणि मग झुलीसकट असा पळाला की संध्याकाळी रिक्षा स्टँडवर सापडला. "बुजलं," अप्पा म्हणाले. "नवा बैल हाय."

हसूनहसून वर्ष कधी सरलं कळलं नाही, आणि येळवस आली.

माझं माहेर मुदखेड. तिकडं या सणाचा एवढा जोर नाही. लातूरला मात्र मार्गशीर्षातल्या या अमावास्येला अख्खं शहर शेतावर जातं. कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, रानाला आंबील शिंपडायची, आणि वाटसरूलाही हाक मारून शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर वाढायची. शेत नसलेल्याला दहाजण आपल्या शेतावर बोलावतात. आम्हाला सतीशच्या मित्राचं औशाकडं बोलावणं होतं.

"अप्पा, तुमचं काय?" मी आदल्या दिवशी विचारलं.

"आमच्या रानात! गावाकडं. लई माणूस असतंय," ते म्हणाले आणि कानातलं मशीन काढून ठेवलं.

सकाळी निघालो तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप होतं. आम्ही शहराबाहेर पडलो न पडलो तोच किट्टूनं गाडीत सगळं ओकून टाकलं. अंग तापलं होतं. सतीशनं गाडी वळवली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी किट्टूला निजवलं आणि त्याचे कपडे धुवायला परसात आले.

आणि अप्पांच्या कुलूपबंद घरातून कुकरची शिट्टी झाली.

माझी पाचावर धारण बसली. चोर असेल तर स्वयंपाक कशाला करील, एवढा विचार सुचायलाही वेळ लागला. सरपंच मात्र शेपटी हलवत भिंतीवर पाय लावून उभा राहिला. अप्पांच्या स्वयंपाकघराची मागची खिडकी उघडी होती. आत पाटावर चुना लावलेले पाच खडे मांडले होते आणि अप्पा समोर बसून एकट्यासाठी ताट वाढत होते. अंगावर कोरं धोतर.

त्यांनी मला पाहिलं. मागचं दार उघडून भिंतीपाशी आले आणि अगदी हळू म्हणाले, "वरडू नको, माय."

"अप्पा, रानात नाही गेलात?"

"रान कवाच तलावात गेलं. मोप वर्सं झाली." ते भिंतीवरचा पोपडा नखानं काढत राहिले. "समद्या गल्लीची बोलावणी येतात. म्हनून कुलूप लावतो, मागच्या दारानं आत येतो. आमच्या रानात शंभर पान उठायचं येळवशीला. आता दुसऱ्याच्या बांधावर पावना म्हनून बसायचं... न्हाई जमत."

चला आमच्याकडं, असं म्हणणार होते, पण मग तेही बोलावणंच झालं असतं. मी जोंधळ्याकडं पाहिलं. छातीपर्यंत वाढला होता, कणसं निसवली होती.

"अप्पा, हा जोंधळा कुणी पेरला?"

"म्या."

"मग याची पूजा कोण करणार? यजमान तुम्ही. आम्हाला बोलवा की जेवायला. पोरं उपाशी आहेत."

अप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग एकदम वळले. "थांब. मोठं पातेलं काढावं लागंल."

सतीशनं चार धाटं वाकवून खोप केली, ती तीनदा पडली. पांडव आत बसले. अप्पा आंबिलीचा गडवा घेऊन आमच्या परसाला फेऱ्या घालू लागले आणि मागून ओवी त्यांच्यासारख्याच आरोळ्या ठोकत सुटली. ताप उतरलेला किट्टू सतीशच्या कडेवरून "लान, लान" करत होता. आमच्याच परसात अप्पांनी आम्हाला पंगतीला बसवलं. सतीश 'बस' म्हणाला की आणखी एक उंडा पडायचा. "लाजू नका, पावनं!"

दिवस मावळताना लोक शेतांवरून परतू लागले. अप्पा बोळाच्या तोंडाशी उभे राहून एकेकाला हाका मारत होते, "या, जेवून जा! आमची येळवस हाय!"

समोरच्या शोभाकाकूंना दिवसभराच्या जेवणानं चालवत नव्हतं. त्यांनी अप्पांच्या दाराच्या कुलपाकडं पाहिलं, मग अप्पांकडं पाहिलं. आणि पदर खोचून आमच्या परसात मांडी घातली.

"वाढा अप्पा," त्या म्हणाल्या. "सकाळधरनं पोटात काय न्हाई बगा."