वाफ न्हाणीपर्यंत पोचेना

मुंबईच्या गिरणीत बायलरखाली कोळसा सारणाऱ्या केरूला वाफेतलं सगळं कळतं, हे पालीजवळच्या त्याच्या वाडीत कोणी नाकारत नसे. वाडीत बायलर नव्हता!

रजेवर घरी आला, तर बायकोची, हौसाची, कंबर धरलेली. भातलावणीतून तशीच उठून आल्यासारखी ती वाकून चालत होती. तरी सासऱ्यांच्या आंघोळीचा कढत हंडा स्वयंपाकघरातून परसातल्या न्हाणीपर्यंत रोज तीच नेई. केरूला ते बघवेना. पण नवऱ्याने असलं काही तोंडाने बोलायचं नसतं, म्हणून तो म्हणाला, "हंडा उचलायचाच कशाला? वाफच धाडतो न्हाणीत! गार पाण्यात वाफ सोडली, की पाणी तापलंच!"

"आणि घर उडालं म्हणजे?" येसूबाईने, त्याच्या आईने, विचारलं.

"आये, कोंडली तर वाफ उडवते. नळीचं तोंड उघडं ठेवलंय."

"हां. तुझंही उघडंच असतं, म्हणून तू अजून धड आहेस."

रत्नागिरीच्या बाजारातून पत्र्याच्या नळ्या आल्या. हंड्याचं झाकण मातीने लिंपून त्यातून नळी काढली आणि कमरेएवढ्या मेढींवरून न्हाणीत नेली. तिथे वडील, आप्पा, लंगोटी लावून घंगाळापाशी बसले. केरूने जाळ केला.

"आली काय वाफ?"

"थेंब येतोय!" आप्पा ओरडले. "तोही गार!"

"नळी वाटेतच ऊब खातेय! तिला पांघरूण पाहिजे!"

घरातल्या झाडून साऱ्या गोधड्या नळीला गुंडाळल्या. हिवताप भरलेल्या अजगरासारखी नळी परसात पसरली. केरूने जाळ वाढवला. पण नळीला मधेच झोळ पडलेला. तिथे वाफेचं पाणी साचलं, मागून नवी वाफ येऊन त्यावर आदळली आणि धाड! धाड! धाड! आप्पा लंगोटीनिशी थेट शेजारच्या मालनच्या अंगणात!

"हौसा, झोळाखाली टेकू लाव गो!" केरू जाळापासून ओरडला.

हौसाला वाकून टेकू उचलणं कुठलं जमायला! तिने झोळाला पाठ लावली आणि रेटून उभी राहिली. धडधड थांबली. केरू धावत आला. हौसाचे डोळे मिटलेले!

"भाजलं काय गो?"

"गप ऱ्हावा."

"अगो, पण..."

"जरा जाळ सारा."

बऱ्याच वेळाने ती नळीपासून सुटली, ती सरळ. घरी आल्यापासून पहिल्यांदाच केरूला खाली न वाकता तिचं कुंकू दिसलं.

"आप्पांचं पाणी तापलं?" तिने विचारलं.

"नाय."

"ऱ्हाऊं दे," हौसा म्हणाली आणि हसली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वाडीतल्या साऱ्या दुखऱ्या कंबरा परसात हजर! सगळ्यांत पुढे येसूबाई. जाळ अर्थात केरूने करायचा. आप्पांचा हंडाही त्यानेच न्यायचा, कारण हौसाला तो हात लावू देईना. रजा संपत आली तेव्हा त्याचीच कंबर धरली. कण्हत कण्हत तो नळीपाशी गेला.

"भावजी," नळीला पाठ लावून उभी मालन डोळे न उघडताच म्हणाली, "तुम्ही इकडे, मग जाळ कोण बघतंय?"