नानांची दुसरी सीडी

१० ऑक्टोबर. दिवाळीच्या आत माळा रिकामा करायचा म्हणून शिडीवर चढले होते. गळका पंप, जळका मिक्सर आणि एक जुना डीव्हीडी प्लेअर निघाला. भंगारवाला सकाळी येणार होता. तेवढ्यात खालून शेजारच्या गोरखनानांचा आवाज आला, “ताई, ते चालतंय का?”

नानांकडे एका गाजलेल्या युद्धपटाच्या दोन सीड्या आहेत आणि पहिली त्यांनी कधीच लावलेली नाही. पहिलीत सिनेमा आहे, दुसरीत तो कसा केला ते. “पिच्चर खोटा. दुसरी सीडी खरी,” हे त्यांचं ठाम मत.

आमच्या पारनेरच्या गल्लीत कुणाकडेही पाहुणा आला की नाना त्याला लढाई दाखवायला नेतात. पडद्यावर कुणी कुणाच्या कपाळाला लाल रंग फासत असतं. मग धूर होतो, माणसं पडतात, आणि पाहुणा चुळबुळ करू लागतो. “थांबा, आता उठत्यात बघा,” नाना म्हणतात. ‘कट’ होतो, मेलेले उठून पँटी झटकतात. मग नाना पाहुण्याला स्वतःच्या हाताने चहा देतात, पेला बुडाशी धरून. लढाई राहते ती राहतेच.

स्वतः नाना रणगाड्यावर होते, दफेदार म्हणजे हवालदाराच्या हुद्द्यावरून रिटायर झाले. लढाईचं विचारलं तर रणगाड्याला डिझेल किती लागतं ते सांगतात.

गल्लीतल्या पोरांनाही त्यांनी हेच वळण लावलंय. गोळी लागली की पडायचं, नाना ‘कट’ म्हणाले की उठायचं. शाळेच्या गॅदरिंगला सगळे मावळे धारातीर्थी पडले होते, बाई माईकवर गहिवरून वाचत होत्या. मागून नाना ओरडले, “कट!” मावळे उठले आणि वडापाव वाटत होते तिकडे गेले. बाईंची समजूत मला काढावी लागली.

तर नानांचा प्लेअर बंद पडला होता. दुरुस्तीवाल्याने हात वर केले होते.

“मोबाईलवर बघा की,” मी म्हटलं. “अख्खा पिक्चर आहे.”

“पिच्चर हाय. चहा न्हाई.”

मग शिडी धरून त्यांनी सांगितलं. शूटिंग नगरजवळच झालं. मरून पडायला नानांच्याच तुकडीतले जवान नेले होते. त्यात दत्तू होता, शेवगावचा, नानांचा जोडीदार. पुढे सरहद्दीवर तो खरंच पडला. नाना शेजारीच होते.

“तवाबी मी म्हनलं, ऊठ की रं,” नाना म्हणाले. “फोटो हायेत त्याचे. पर उठताना त्या दुसऱ्या सीडीतच हाय.”

मी प्लेअर लगेच खाली दिला नाही. आधी पुसायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याला पंप आणि मिक्सर दिला. बाजारातून नवी वायर आणली, प्लेअर नानांकडे जोडला आणि गवार निवडत बसले. सीडी आत गेली, बराच वेळ नुसती घरघरली. नाना टीव्हीकडे बघत नव्हते. मग चित्र आलं. धुरातून एक हडकुळा जवान उठून बसला, मिशीतली माती झटकून हसला. बाजूने फक्त एक हात आला, पेला बुडाशी धरलेला.

गवार अजून बरीच उरली होती. मी म्हटलं, “नाना, परत लावा.”