तोंड तुझं की माझं?

हत्तीपाय, गलगंड, गजकर्ण, कोड, पाठीवरचं गळू... एकूण सोळा दुखणी, आणि सोळाही आमच्या विसूभाऊला! म्हणजे छापील पुस्तकात हो. प्रत्यक्षात गडी खणखणीत. तीन भाकऱ्या उभ्याउभ्या खायचा.

विसूभाऊ ठाण्याच्या मोजणी कचेरीत नकाशे काढायचा. आमच्या दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरसाहेबाला रोगांचं सचित्र पुस्तक छापायची हौस आली, आणि त्याने याला मागून घेतला. मी तिथे कंपौंडर. हुकूम साफ होता: रोगी अख्खा काढायचा, तोंडासकट. त्याला विचारायचंय काय त्यात!

पण विसूभाऊ कुंचला भिजवण्याआधी प्रत्येकाला विचारणारच, "तोंड तुझं काढू की माझं?"

मिठागरावरची एक बाई सुजलेला पाय पुढे करून म्हणाली, "माजा नको रं दादा, तुजाच काढ!" झालं. लुगडं तिचं, पाय तिचा, आणि वर विसूभाऊच्या झुपकेदार मिशा. पुढे सगळ्यांनी तेच सांगितलं.

साहेब लालबुंद. "बाईला मिशा?"

"रोग बरोबर आहे ना, साहेब? मग मिशांशी काय करायचंय?"

रोग बरोबर होता, शीर न् शीर. दुसरा चितारी मिळेना, म्हणून पुस्तक तसंच छापलं आणि गावोगावच्या दवाखान्यांत गेलं. साहेबही विलायतेला गेला. आम्ही महिनाभर पोट धरून हसत होतो.

मग विसूभाऊचं लग्न जमत आलं. मुलगी शहाडची. हा दोनदा तिकडे जाऊन आला होता, नदी बघायला म्हणे! सुपारी फोडायच्या दिवशी मुलीचे वडील आले ते काखेत पुस्तक मारूनच. कल्याणच्या दवाखान्यात त्यांना ते दिसलं होतं.

"जावई एक अन् दुखणी सोळा? आणि दोन ठिकाणी तर लुगडं नेसलाय हो!"

विसूभाऊने सगळं समजावलं. म्हातारा जरा निवळला. "बरं. मग यातल्या एकाचं तरी नाव सांगा. खात्री करतो, अन् लगेच सुपारी फोडतो."

विसूभाऊने कपाळाचा घाम पुसला. "नावच सांगायचं, तर माझं तोंड कशाला काढलं असतं?"

म्हातारा माझ्याकडे वळला. "कंपौंडर, तुम्ही तरी बोला!"

पुस्तकातलं नववं चित्र कोडाच्या हाताचं. तो हात माझ्या घरातला. त्याच महिन्यात आमच्याकडेही लग्न ठरलं होतं. कुणाचं, ते विचारू नका. मी मान खाली घालून सुपारी कातरत बसलो. विसूभाऊ लेकाचा माझ्याकडे बघेसुद्धा ना. एकदा जरी बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय.

म्हातारा पुस्तक उचलून निघून गेला.

पंधरा दिवसांनी आमच्याकडचं लग्न झालं. पंगतीत जिलबी वाढायला विसूभाऊ होता. माझ्या पानात त्याने आग्रहाने दोन टाकल्या.