ठकूचा नवरा आणि चांदीची वायर

एका जंगलात, ओढ्याच्या अलीकडं, करवंदीच्या जाळीखाली एक ससा, एक सशीण आणि त्यांची पिल्लं राहायची बरं का, पोरांनो. सशाचं नाव भिवाजी, सशिणीचं ठकू. पिल्लांची नावं विचारू नका. इतकी होती की ठकूच चुकायची.

त्या बिळाची एक रीत होती. आईनं पोरं घेऊन चरायला जायचं आणि बापानं दाराशी कान उभे करून बसायचं. बिबट्याचं पाऊल वाजलं की बापानं पाय आपटायचा. आपटला की सगळी आत! एवढ्या एका कामावर अख्खं घर जिवंत होतं.

आणि नेमका भिवाजीला हेडफोनचा नाद लागला.

नुसता हेडफोन असता तर ठकूनं सोसलं असतं. पण साळिंदर होता ना दुकानदार! काट्याकाट्याला वायरी लटकवून हिंडायचा मेला. म्हणाला, "भिवाजीराव, हेडफोनला जोर कोण देणार? ही अॅम्प्लिफायरची डबी घ्या." घेतली. मग त्या डबीच्या आधी लावायची दुसरी डबी. ती आवाज धुऊन देते म्हणे! मग बॅटरी. सगळं कसं, खिशात मावणारं. आता सशाला खिसा कुठला? म्हणून पिशवी.

"अहो, तुमचे कान डोक्यावर, ह्याच्या वाट्या गालांवर," ठकू म्हणाली. "घालणार कसं?"

भिवाजीनं कानांची घडी घातली, धोतराची घालतात तशी. वाट्यांत कोंबली आणि डोळे मिटले.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. तबल्यावरचं नख वाजतं का ते बघतोय."

"बिबट्याचं नख बघा!"

छे! गाणंसुद्धा पुरं ऐकायचा नाही हो. ही वायर काढ, ती खुपस, आणि पुन्हा तोच तुकडा. "ठकू, ह्या वायरीनं आवाज मोकळा झाला की नाही?"

"मला दोन्ही सारख्याच."

"तुझे कान तयार नाहीत."

सशिणीला म्हणतो, कान तयार नाहीत!

एके दिवशी ऊन कलताना बिबट्या आला. पाऊल वाजलं, पण दाराशी पाय काही आपटला नाही. गवताआडून ठकूनंच पाहिलं. तिनं धाडकन पाय आपटला, पोरं आत पळाली. भिवाजी मात्र दारात डोलतोय! बिबट्यानं त्याच्या पाठीवर पंजा ठेवला.

भिवाजी डोळे न उघडता खेकसला, "हलवू नकोस गं, वायर निघेल!"

बिबट्याला जन्मात असं कुणी बोललं नव्हतं. "कसली वायर?"

भिवाजीनं डोळे उघडले. दुसरा ससा जागीच गार झाला असता. पण ह्याला कधी नव्हे तो विचारणारा भेटला होता! "या, रावसाहेब! जरा लावा कानाला. आलं का नख ऐकू?"

बिबट्याला ओ की ठो कळेना. पण सशापुढं कबूल कोण करणार? म्हणाला, "आलं. जरा दबकं वाटलं."

"वा! काय कान आहे! तो दोष तांब्याच्या वायरीचा. चांदीची हवी. आणि तुमचं डोकं मोठं, म्हणजे हेडफोन मोठा. त्याला डबीही मोठी."

बिबट्यानं पंजा उचलून हनुवटीला लावला. विचारात पडला बिचारा.

ठकू बाई मोठी हुशार. पुढं झाली, पदर सावरल्यासारखं केलं आणि म्हणाली, "भावोजी, आमचे हे सांगतात ते खरं. एक डबी चुकली की सगळं पहिल्यापासून! ह्यांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका हो."

झालं. साळिंदराचे काटे आठवड्यात रिकामे!

आता बिबट्या हिंडतो तो गळ्यात चार डब्या, पाठीवर बॅटरी आणि कानांवर परातीएवढ्या वाट्या घालून. पलीकडच्या टेकडीवरून खडखडाट ऐकू येतो. त्याला स्वतःला काही ऐकू येत नाही. ओढ्यातले खेकडे खाऊन राहतो आणि रोज विचारायला येतो, "भिवाजीराव, वायर बदलू का?"

"बदला की!" ठकूच आतून ओरडते.

पोरं त्याच्या शेपटीवर घसरगुंडी खेळतात. ठकूला आणखी पिल्लं झाली, सगळी गुबगुबीत, आणि एकालाही कान उभे करून बसावं लागत नाही.

तात्पर्य: नादी नवऱ्याला शहाणं करायच्या भानगडीत पडू नये. तोच नाद शत्रूला कसा लागेल, तेवढं पाहावं.