दाजींची रिकामी खोली

आमचे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान याकोबराव मास्तर, आल्या पाहुण्याला पाण्याच्या आधी विचारत, "आत जाऊन येता?" नवखा माणूस परसाकडे निघे. दाजी त्याला दंडाला धरून वळवत आणि माजघराशेजारच्या रिकाम्या खोलीत घालून दार ओढून घेत. आत एक घोंगडी आणि एक खिडकी. एकट्याने बसायचे, देवाशी काय ते बोलायचे आणि बाहेर यायचे. एकदा कचेरीचा पट्टेवाला समन्स घेऊन आला. उन्हातून कोसभर चालत आलेला. त्यालाही आत घातला. तो तासभर घोरला. ओशाळून बाहेर आला तेव्हा दाजी म्हणाले, "लाजू नका. देवाला सवय आहे." रविवारी उपदेश तेच करत, त्यामुळे त्यांनाही असावी.

घर तीन खणांचे. दाजी, अक्का, दोन मुली, दाजींची आंधळी आई आणि एक शेळी. मुली ओटीवर झोपत, म्हातारी चुलीपाशी. पावसाळ्यात शेळी मुलींच्या उशाशी येई. पण त्या खोलीत भाताचे पोते ठेवायची सोय नव्हती. मी म्हटले, देव सगळीकडे असतो, तर पोत्यांमध्येही असेलच की.

"देव असेल हो. माणूस मावत नाही," दाजी म्हणाले.

मी डोक्यावर टोपल्या वाहून आंब्याचा व्यापारी झालेला माणूस. रिकामी जागा दिसली की माझे डोके उठते. एका वैशाखात समुद्र खवळला, बोट माल न घेताच निघून गेली आणि माझे आंबे बंदरावर राहिले. ते पिकवायला पेंढ्यात आढी घालायची तर कोरडी जागा हवी होती. मी खोलीचे भाडे बोललो. दुप्पट बोललो. घराची कौले परतून देतो म्हणालो. थोरलीच्या लग्नाचा मांडव माझा म्हणालो. दाजी मुलांच्या वह्या तपासत राहिले.

"मेहुणे, ती जागा गेलेली आहे."

कोणाला दिलीत, असे विचारले तर त्यांनी पुढची वही ओढली.

दुसऱ्या दिवशी ते मंडळीच्या सभेला चिपळूणला गेले. मी अक्काला सांगितले की दाजींनी हो म्हटले आहे. तिने माझ्याकडे पाहिले आणि दारातून बाजूला झाली. खिडकीपर्यंत आढी लागली.

चार दिवसांनी दाजी परतले. खोली पाहून ओरडले नाहीत. एवढेच विचारले, "मग ती कुठे बसते?" आणि मागच्या अंगणात गेले. अक्का शेळीच्या खोपटात पदर तोंडात कोंबून बसली होती. दाजी परत खोलीत आले आणि माझे अर्धेकच्चे आंबे उचलून भर उन्हात मांडू लागले. मी त्यांचा हात धरला. काय काय बोललो ते लिहिण्यासारखे नाही.

"दानीएल गेल्यापासून ती माझ्यासमोर रडत नाही," दाजी म्हणाले. दानीएल त्यांचा मुलगा. पाच वर्षांचा, तापाने गेला, त्याच खोलीत. "मी लगेच धीर द्यायला लागतो. सवयच लागली आहे. तिला माझ्यापासून लांब जागा हवी होती."

"मग पट्टेवाल्याला कशाला कोंडलात?"

"नुसती तिची म्हटली असती तर ती गेली नसती. सगळ्यांची केली, म्हणून जाते."

आढी काळी पडली. मी दाजींशी सहा वर्षे बोललो नाही. कारण कळले होते, तरी नाही. नुकसान ते नुकसान.

मग एका श्रावणात अक्काच गेली. दफन करून लोक पांगले, मुली आतल्या बाजूला होत्या. दाजी ओटीवर ओले धोतर न बदलता बसले होते. येईल त्याला म्हणत होते, ती प्रभूजवळ आहे, रडू नका. माझे डोके फिरले. मी विचारले, "तुम्ही आत जाऊन आलात?"

"मी? मी कधीच गेलो नाही."

"इतक्या वर्षांत?"

"ती आत असायची तेव्हा मी बाहेर थांबायचो, मुलींना अडवायला. ती नसायची तेव्हा वाटायचं, आत्ता येईल." त्यांनी धोतराचा सोगा पिळला. "आणि मला जमायचंही नाही, मेहुणे. माझ्यापुढे कोणी बसलेलं असलं तरच मला बोलता येतं."

मी त्यांना दंडाला धरून उठवले, आत घातले आणि दार ओढून घेतले. बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग आले. उपदेशाचा आवाज नव्हता तो.

तेवढ्यात चिपळूणचे पाळक छत्री मिटत सांत्वनाला आले आणि सरळ आत निघाले. मी उठून दारात आडवा झालो आणि त्यांना पायरीवर बसवले.