मुरलेल्या नळ्या

मी एवढंच म्हटलं होतं, "द्या इकडं, मी बघते."

हे मी घरात सारखंच म्हणत असते. कुकरची शिटी अडकली, दाराची कडी बसेना, सासूबाईंना सुईत दोरा ओवता येईना, की मी बघते. त्या वेळी मात्र बघायची होती ती शर्यतीच्या गाडीची पेट्रोलची नळी. आणि त्या गाडीत पेट्रोल नव्हतंच.

झालं होतं असं. दोन हजार चार साली आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यानं जाहीर केलं की उसाच्या मळीपासून जे स्पिरिट निघतं, इथेनॉल म्हणतात ते, त्याच्यावर पळणाऱ्या गाड्यांची शर्यत घ्यायची. इंधन कारखाना देणार. ते कोणी पिऊ नये म्हणून त्यात काहीतरी कडू औषध घातलेलं होतं. (तरी कॅन घरात आल्याबरोबर आमच्या पंचवटीतल्या गल्लीतून दोन जण सहज म्हणून चौकशीला येऊन गेले.)

आमचे हे, म्हणजे सावळीराम, सातपूरच्या एका कंपनीत लेथवर काम करतात. द्वारका चौकाजवळ गॅरेज असलेले मुस्तकीमभाई हे त्यांचे जुने मित्र. खरं सांगायचं तर एकुलते एक मित्र. ह्यांचा स्वभाव असा की ओळखी पुष्कळ, पण घरी चहाला येणारा माणूस एकच. दोघांनी मिळून एक जुनी फियाट घेतली, तिचं इंजिन उघडून आतलं बरंच काही बदललं, वजन कमी करायला मागची सीट काढली. ती सीट आमच्या ओट्यावर आली. बसायला फार छान आहे.

सगळं जमलं आणि घोडं अडलं नळीवर. टाकीपासून इंजिनापर्यंत स्पिरिट नेणारी, हातभर लांबीची साधी नळी.

"मुस्तकीम, काळ्या रबरातून आत काय चाललंय ते दिसत नाही," हे म्हणाले. "पारदर्शक प्लॅस्टिकची घेऊ. बुडबुडा आला तर लगेच कळेल."

"सावळीभाई, गाडी पळवायची आहे, नळीत बसून बघायचं नाही. मैं जिंदगीभर रबर लगाता आया."

"पेट्रोलला लावलंस. हे इथेनॉल आहे."

"तो प्लॅस्टिक क्या इथेनॉल का सगा भाई है?"

"अरे, जरा शिकलेल्या माणसासारखं बोल."

हे बोलायला नको होतं. मुस्तकीमभाईंची शाळा पाचवीत सुटली होती, आणि ते ह्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनी अर्धा कप चहा तसाच खाली ठेवला. "चाय अच्छी थी, भाभी," एवढं मला म्हणाले आणि गेले.

मग ते यायचेच बंद झाले. गाडी त्यांच्या गॅरेजमध्ये होती. तिचा कार्बोरेटर ह्यांनी साफ करायला घरी आणला होता, तो आमच्या कपाटात माझ्या साड्यांखाली. ह्यांनी सांगितलं, त्याला हवा असेल तर मागायला येईल. तिकडे मुस्तकीमभाईंनी सांगितलं, त्यांना गाडी हवी असेल तर न्यायला येतील. अर्धी गाडी इकडे, अर्धी तिकडे, आणि दोन्ही अर्ध्या उभ्या.

संध्याकाळी हे खिडकीशी बसायचे. कोणाची स्कूटर वाजली की मान वर करायचे आणि मला दिसलं असं वाटलं की पेपर वाचायला लागायचे. एकदा पेपर उलटा होता. 

तेवढ्यात मुस्तकीमभाईंच्या बायकोचा, सिताराचा, फोन आला. "साधनाभाभी, काहीतरी करा हो. आमचे हे जेवताना रेडिओशी भांडतात. काल बातम्या देणाऱ्या बाईला म्हणाले, तू बडी पढीलिखी है."

शर्यतीचं मला काही नव्हतं. पण हा चहा बंद झाला तर ह्यांच्याकडे कोणीच येणार नव्हतं. म्हणून मी ते वाक्य बोलले. दोन्ही नळ्यांचे तुकडे द्या, थोडं स्पिरिट द्या, मी दोन्ही भिजवून बघते. जी टिकेल ती बसवा. दोघांनीही वेगवेगळं कबूल केलं. अट एकच, निकाल लागेपर्यंत समोरच्यानं आमच्या गच्चीवर पाऊल टाकायचं नाही. त्यामुळे गच्चीवर दोघंही आले नाहीत, आणि सगळं माझ्या हातात राहिलं.

(नळीचा तिसराही एक प्रकार असतो, आतून टेफलॉन आणि वरून स्टीलची जाळी. ती मुंबईहून मागवावी लागते. पण मागवायची तर दोघांना एकमेकांशी बोलावं लागलं असतं.)

मी दोन काचेच्या बरण्या घासून पुसून कोरड्या केल्या. एकीत रबर, दुसरीत प्लॅस्टिक. वरून स्पिरिट ओतलं. आता झाकण लावणार, तर सासूबाई आल्या. सासूबाई सिन्नरकडच्या. उभ्या जन्मात त्यांची लोणच्याची एक बरणी बिघडलेली नाही.

"झाकण नको लावू," त्या म्हणाल्या. "घाम धरतो, बुरशी येती. फडकं बांध अन् उन्हात ठेव."

"आई, हे लोणचं नाही."

"बरणीत हाय ना? मंग?"

 मी पांढरं स्वच्छ फडकं बांधलं आणि बरण्या गच्चीवर कैरीच्या फोडींशेजारी ठेवल्या. एप्रिलचं ऊन होतं. असं ऊन मिळालं की कोणत्याही बाईला समाधान वाटतं.

दुसऱ्या दिवशी बघते तर दोन्ही बरण्या कोरड्या. नळ्या तळाशी आडव्या पडलेल्या, थेंबभर स्पिरिट नाही. मी सासूबाईंना वर बोलावलं.

त्यांनी बरणी उन्हात धरून पाहिली, वास घेतला. "मुरलं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"नळ्यांनी आत ओढून घेतलं. फोडी तेल पित्यात तसं. आता मऊ पडली का ते बघ."

मी दाबून पाहिलं. रबर होतं तसंच घट्ट. प्लॅस्टिक होतं तसंच लवचिक. एवढं स्पिरिट पिऊन दोघींना काही झालं नव्हतं. तरी मी आणखी काही दिवस त्यांना ऊन दिलं. (परीक्षा घ्यायची तर कडक घ्यावी.) शेवटपर्यंत नळ्या जशाच्या तशा.

मला इतका आनंद झाला की शंका घ्यायचं सुचलंच नाही. एक नळी पास आणि एक नापास झाली असती तर नापास झालेला माणूस परत चहाला आला नसता. इथे तर दोन्ही पास.

मी मुस्तकीमभाईंना निरोप पाठवला. ते आले, पण चप्पल न काढता दारातच उभे राहिले. हे खिडकीकडे तोंड करून बसलेले. मी मधे उभी राहून सांगितलं, "दोन्ही नळ्या उत्तम आहेत. टाकीपासून पंपापर्यंत रबर लावा, पंपापासून कार्बोरेटरपर्यंत प्लॅस्टिक."

दोन लेकरांत एक पोळी वाटावी तशी मी गाडी वाटली.

 मग हे खिडकीला म्हणाले, "रबर वाईट असतं असं मी कधी म्हटलंच नव्हतं."

"प्लॅस्टिक में भी बात है," मुस्तकीमभाई चपलांना म्हणाले आणि त्यांनी त्या काढल्या. त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला. माझ्या साड्यांखालचा कार्बोरेटर त्यांनी बाळ घ्यावं तसा छातीशी धरून नेला.

टाकी भरून आठवडा झाल्यावर शर्यत आली. कारखान्याच्या मैदानाभोवती मातीचा रस्ता आखला होता. मी, सासूबाई आणि सितारा मांडवात बसलो. आमची फियाट सुटली ती सगळ्यांच्या पुढे. पहिल्या फेरीला सितारानं माझा हात घट्ट धरला. सासूबाई शेजारच्या बाईला म्हणाल्या, "आमच्या गच्चीवरच्या नळ्या हायत."

दुसऱ्या फेरीत गाडी खोकली. मग आचके दिले आणि बरोबर मांडवासमोर येऊन थांबली.

आम्ही पोचलो तेव्हा दोघं बॉनेट उघडून वाकले होते. रबर फुगून कुरडईच्या चिकासारखं झालं होतं, त्याचे काळे कण कार्बोरेटरमध्ये जाऊन बसले होते. प्लॅस्टिक पापडासारखं कडक होऊन जोडातून निसटलं होतं, आणि खाली स्पिरिट ठिबकत होतं.

मुस्तकीमभाईंनी शांतपणे विचारलं, "भाभी, बरणीला झाकण कोणतं लावलं होतं?"

"फडकं बांधलं होतं."

"आणि ठेवली कुठे?"

"उन्हात. छान कडक ऊन होतं."

"स्पिरिट कब तक था?"

"पहिल्या दिवशी दुपारी तरी होतं. मग मुरलं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मुरलं म्हणते," हे म्हणाले.

"उड गया," मुस्तकीमभाई म्हणाले. आणि हे मातीत बसून हसायला लागले. मुस्तकीमभाई बॉनेटवर हात टेकून हसत होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी वाट बघत होते, आता एक जण म्हणेल तुझी नळी आधी गेली. पण कुणाची आधी गेली ते कळायला मार्गच नव्हता. कारखान्याच्या ट्रॅक्टरनं गाडी ओढून आणली, तेव्हा स्टिअरिंगवर दोघांचे हात होते.

स्टीलच्या जाळीची नळी दुसऱ्याच दिवशी मुंबईहून मागवली. मला न विचारता.

तेव्हापासून दोघांत भांडण नाही. ओट्यावरच्या सीटवर बसून बोलताना कधी आवाज चढतात. मी हात पुसत काय झालं ते बघायला दारात येते, तर मुस्तकीमभाई घाईघाईनं म्हणतात, "कुछ नहीं भाभी, सावळीभाई बरोबर आहेत." त्याच वेळी हे म्हणतात, "छे छे, मुस्तकीमचंच खरं आहे."

परवा सितारा आली होती. सासूबाईंना म्हणाली, "आक्काबाई, या दोघांचं आता इतकं कसं जमतं?"

सासूबाईंनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. "माझ्या सुनेचा गुण हाय," त्या म्हणाल्या. "हिला यातलं काय बी कळत नाय अन् ही मधी पडल्याबिगर राहत नाय. त्या भ्यावानं मिटवून घेत्यात बिचारे."