अमृतराव मोजणीदार यांच्या सायकलीच्या मीटरची हकीकत

श्री. मोजणारा आणि मोजले जाणारे, या उभयतांचा साक्षी जो ईश्वर, त्यास नमन करून घडले तैसे लिहितो. शके १९४०, विलंबी नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध पंचमी, ते समयी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, अमृतराव नामे मोजणीदार नांदत होते. चौतीस वर्षे सरकारी जमीन मोजून ते सेवेतून मोकळे जाहले होते, आणि त्यांचा लौकिक ऐसा की, कोणत्या गावी कोणत्या बांधाला किती साखळ्या भरल्या ते कागद न पाहता सांगत, आणि भांडणारे दोन्ही पक्ष ते मान्य करून घरी जात. सेवेतून मोकळे जाहल्यावर त्यांनी एक सायकल घेतली, आणि तिच्या हँडलवर काडेपेटीएवढा एक मीटर बसविला, तो वेग सांगे आणि आजवर एकूण किती वाट चालली तेही सांगे. रोज प्रातःकाळी स्वारी धरणापर्यंत जाऊन परत येई, आणि अंगणात उतरताच अमृतराव मीटरचा आकडा वाचीत व मनात ठेवीत. त्यांचे कुटुंब इंदुमतीबाई म्हणत, "एका वहीत लिहून ठेवावे," तर हसून म्हणत, "लिहायचे कशाला? डोके आहे ना."

त्यांचे धाकटे बंधू मुकुंदराव त्याच घरी राहून छापखाना चालवीत. स्वभावाने प्रेमळ, परंतु थोरल्या भावाचा धाक पन्नाशी उलटली तरी गेला नव्हता. अमृतराव रागावत नसत, नुसते गप्प बसत, आणि ते गप्प बसणे मुकुंदरावांस सोसत नसे. त्या कार्तिकात अमृतराव सहकुटुंब परगावी लग्नास गेले, आणि मागे मुकुंदरावांस तालुक्याला छापील पत्रिका पोचविण्याचे काम निघाले, आणि त्यांची फटफटी बिघडली होती, म्हणून न विचारता दादांची सायकल काढिली. पुलाजवळ चहा घेण्यास उतरले आणि सायकल कठड्याला टेकविली, ती घसरून खाली आली, आणि हँडल दगडावर आपटले. मग उचलून पाहतात तो मीटरची काच तडकलेली आणि आत आकडा नाही, काही नाही, नुसते काळे. 

मग ते तसेच कासीमभाई सायकलवाल्याच्या दुकानी गेले. कासीमभाई वृद्ध आणि कामात जाणते. त्यांनी चष्मा लावून सायकल निरखिली आणि बोलिले, "मीटर मेला, साहेब. पण बाकी सगळे शाबूत आहे. हँडलवरची बैठक चांगली, तार चांगली, पुढच्या चाकाच्या चिमट्यावरचा फेरे मोजणारा डोळा आणि स्पोकवरचे चुंबक जागच्या जागी आहे. कुणी बसवले हे?"

"दादांनी. स्वतःच्या हाताने."

"मग याला हात लावायचा नाही. एक स्क्रूसुद्धा सैल नाही. याच कंपनीचा असाच मीटर माझ्याकडे आहे, तो जुन्या बैठकीत सरकवू, झाले." ऐसे म्हणून त्यांनी नवा मीटर काढिला, आणि जुन्यावरचे झिजलेले रबरी कव्हर मुकुंदरावांच्या सांगण्यावरून नव्याला चढविले, आणि बैठकीत सरकविताच टक् असा आवाज होऊन तो बसला. चाक फिरवून पाहिले तो वेग बरोबर दाखवू लागला. मग कासीमभाई म्हणाले, "एकूण किलोमीटर शून्यापासून सुरू होतात. मागचे घालायचे असतील तर घालता येतात. किती झाले होते?"

येथे मुकुंदराव अडले. दादांना फोन करून विचारावे तर सारेच उघडे होते. दसऱ्याच्या सुमारास दादा जेवताना सतरा हजार काहीतरी म्हणाले होते, एवढे आठवत होते. त्यावर अंदाजाने थोडे चढवून ते म्हणाले, "सतरा हजार नऊशे साठ घाला." कासीमभाईंनी एकवार त्यांच्याकडे पाहिले आणि आकडा घातला.

तिसरे दिवशी अमृतराव परतले, आणि प्रातःकाळी स्वारीस निघताना मीटरकडे पाहून थबकले. मुकुंदराव अंगणात दात घासत होते. "मुकुंदा," अमृतराव म्हणाले, "लग्नाला गेलो तेव्हा इथे अठरा हजार चारशे बारा होते."

ते समयी खरे बोलण्यास जागा होती. मुकुंदरावांनी चूळ भरली आणि बोलिले, "तुम्हांला तसे वाटले असेल, दादा. मीटर कसा चुकेल?" अमृतराव कोणाचे म्हणणे एकदम टाकीत नसत, आणि धाकट्या भावाचे तर नाहीच. त्यांनी आकडा पुन्हा एकवार वाचला आणि म्हणाले, "तेही खरे," आणि गेले.

त्या दिवसापासून मोजणीदारांचा स्वतःवरचा भरवसा उडाला. खिशात कागद बाळगू लागले आणि दूध किती घेतले तेही लिहू लागले. इंदुमतीबाईंना आपल्याच सोयऱ्यांची नावे विचारून खातरजमा करू लागले. एकदा बाई मुकुंदरावांना म्हणाल्या, "भावजी, हे हल्ली रात्री उठून पाढे म्हणतात हो. मला भीती वाटते." मुकुंदरावांनी, वय झाले, होते असे, म्हणून समजूत घातली, आणि छापखान्यात जाऊन रात्र पडेपर्यंत यंत्राशी बसले. सांगावे ऐसे रोज मनी येई, आणि जितके दिवस लोटले तितके सांगणे जड होत गेले.

मग माघ मासी हौसाबाईंचे प्रकरण उभे राहिले. हौसाबाई ही गावची एकटी बाई, नवरा वारलेला, चार वाफे भाजी लावून पोट भरी, आणि त्या भाजीला पाणी एका विहिरीचे. शेजारच्या जमीनवाल्याने ती विहीर आपल्या हद्दीत येते ऐसा दावा केला. हद्दीचा दगड रस्त्याच्या कामात नाहीसा जाहला होता, आणि कचेरीतील नकाशा नेमका त्या जागी विरून फाटला होता. परंतु तीस वर्षांमागे ती मोजणी अमृतरावांनी केली होती, आणि अधिकारी भला माणूस, तो म्हणाला की, "मोजणीदारांनी जबाब द्यावा, मी तो धरतो." शेजाऱ्यानेही मान डोलाविली. तेव्हा हौसाबाई घरी आली आणि उंबऱ्यावरच बसून म्हणाली, "अण्णा, तुमास्नी ठावं हाय. तेवढं बोला, बास."

अमृतरावांनी डोळे मिटून घेतले. मुकुंदराव तेथेच उभे होते आणि दादांचे ओठ हलताना त्यांनी पाहिले. मग अमृतराव म्हणाले, "बाई, आकडा मनात येतो आहे. पण मला आठवड्यामागचा आकडा आठवत नाही, ऐसे ठरले आहे. तीस वर्षांमागचा शपथेवर कसा सांगू? चुकलो तर दुसऱ्याची जमीन बुडते." हौसाबाईने मुकुंदरावांकडे पाहिले, जणू ते काही बोलतील. मुकुंदराव पाणी आणावयाच्या निमित्ताने आत गेले. बाई उठून गेली, आणि पुढे पंधरा दिवसांत तडजोड होऊन दोहीं पक्षांचे अंगठे व सह्या जाहल्या, आणि विहीर शेजाऱ्याकडे गेली.

त्याउपरी चैत्रात अमृतराव आपण होऊन म्हणाले, "मुकुंदा, मला मेंदूच्या डॉक्टरकडे ने." मुकुंदरावांनी नेले. डॉक्टरीणबाईंनी दोन तास प्रश्न विचारले, शब्द पाठ म्हणवून घेतले, चित्रे काढविली, आणि शेवटी म्हणाल्या, "काका, माझ्यापेक्षा तुमची स्मरणशक्ती चांगली आहे. कुणी सांगितले तुम्हांला की विसरता म्हणून?" अमृतरावांनी डॉक्टरीणबाईंना नमस्कार केला. बाहेर येऊन बाकावर बसले आणि हळूच म्हणाले, "मग ते अठरा हजार चारशे बारा कुठून आले असतील रे?"

तेव्हा मुकुंदरावांनी सारे सांगितले. पूल, दगड, कासीमभाई, रबरी कव्हर, अंदाजाचा आकडा, काही राखिले नाही, आणि सांगताना रडले. अमृतराव ऐकत होते. रागावले नाहीत. समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले, "आंब्याच्या बुंध्यापासून पूर्वेस अकरा साखळ्यांवर हद्द. विहीर बाईच्या हद्दीत तीन हात आत आहे." आणि मग म्हणाले, "मला आठवत होते, मुकुंदा. सगळे आठवत होते."

तेथून उभयता बंधू परस्पर हौसाबाईकडे गेले. ती लांबच्या हापशावरून घागर घेऊन येत होती. वाफे निम्मे सुकले होते, आणि विहिरीभोवती नवी भिंत उठली होती. मुकुंदराव पुढे होऊन म्हणाले, "बाई, दोष माझा आहे. आम्ही कचेरीत जाऊन पुन्हा जबाब देतो." हौसाबाईने घागर खाली ठेविली. म्हणाली, "म्या अंगठा दिलाय, भाऊ. आता पुन्यांदा कचेऱ्या चढायचं बळ न्हाई माझ्यात." आणि दोघांना घागरीतले पाणी प्यायला दिले. अमृतराव प्याले. मुकुंदरावही, बाईने लांबून आणलेले म्हणून, थेंब न सांडता प्याले. तरीही अमृतरावांनी कचेरीत अर्ज दिला, तो मुदत टळली म्हणून परत आला. पुढे मुकुंदरावांनी वाफ्यापर्यंत पाण्याचा नळ आणवून दिला. बाईने तो घेतला, परंतु त्याबद्दल कधी काही बोलली नाही.

येणेप्रमाणे हकीकत. अमृतराव पूर्ववत सायकलीवर जातात, लोक पुन्हा बांध विचारावयास येतात, आणि दोघे भाऊ एका पंक्तीस जेवतात, वैर काही नाही. इतकेच की मुकुंदराव दारातून येऊन "दादा, बाहेर पाऊस आला" ऐसे म्हणाले, तर अमृतराव बरे म्हणतात, आणि उठून खिडकीपाशी जाऊन पाहतात. इति.